मोरीतलं बटण

विक्रोळीच्या आमच्या चाळीत मोरी म्हणजे स्वयंपाकघराचा एक कोपरा आणि पुढे पडदा. ऐंशीच्या दशकात घरात टीव्ही आला आणि त्याच्या मागोमाग मोरीला भिंत, दार आणि पांढऱ्या टाइल्सही आल्या. दार लावलं की आत अंधारगुडुप. म्हणून नवा दिवा हवा होता. तो धाकट्या दिराच्या मित्राने बसवला. तो कारखान्यात फिटर होता, म्हणजे त्याला विजेतलंही कळत असणारच, असं घरातल्या पुरुषांनी ठरवून टाकलं.

त्याने बटण बसवलं कुठे, तर आत, नळाच्या बरोब्बर वर! मी म्हटलं, पाणी उडेल. दीर हसला. "काय वहिनी तू पण! आत कसं झकास दिसतंय बघ ना."

थोड्याच दिवसांत ते बटण झटके द्यायला लागलं. यावर तोडगा काय निघाला? दाराशी रबरी स्लिपर आल्या. त्या घालून आंघोळ करायची आणि कोरड्या फडक्याने बटण दाबायचं. माझा नवराही मुकाट तसंच करायला लागला, याचा मला आजही राग येतो.

सासूबाई मात्र स्लिपर घालेनात. आंघोळ करून त्या ओलेत्यानेच देवापाशी जायच्या. आंघोळीनंतर पायात चप्पल घालणं त्यांना या जन्मात शक्य नव्हतं. एका सकाळी आतून किंकाळी आली. नशीब, कडी लावलेली नव्हती. दार ढकललं, तर त्या भिंतीला टेकून बसलेल्या, उजवा हात लुळा पडलेला, ओठ पांढरेफटक.

"आईने आता हट्ट सोडावा ना," दीर म्हणाला.

"वायरमन बघायला हवा, पण आत्ता कोण मिळतोय?" असं म्हणून नवराही डबा घेऊन कामावर गेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आंघोळ करणाऱ्या बाईने कोरडा हात आणायचा कुठून? नळावर बटण ठोकणारा शहाणा, आणि हट्टी कोण, तर म्हातारी! मी बटणावर चिकटपट्ट्या मारल्या आणि सासूबाईंना दार उघडं ठेवून, कंदिलाच्या उजेडात आंघोळ घालायला लागले. वायरमनचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

रविवारी संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा होता. अर्धी चाळ आमच्या घरात येऊन बसली होती. सिनेमा ऐन रंगात आल्यावर मी उठले, मेन स्विच खाली केला, फ्यूज उपसला आणि पदरात बांधला. एकच कल्ला झाला.

"वहिनी, पिक्चरची वाट लावलीस!" दीर ओरडला.

"बटण बाहेर येईपर्यंत या घरात वीज नाही," मी ठणकावलं.

नवरा चपला अडकवून धावला आणि मागच्याच चाळीतला वायरमन घेऊन आला. त्याने बटण दाराबाहेर काढलं, दिव्याला अर्थिंग दिलं, वर काचेचं झाकण लावलं. मी फ्यूज परत दिला. माणसं उरलासुरला सिनेमा बघायला पुन्हा दाटीवाटीने बसली.

सासूबाई माझ्या शेजारी होत्या, दुखरा हात मांडीवर घेऊन.

"बघलंस गो?" टीव्हीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "माका शॉक बसलो तेव्हा कोणाक वायरमन गावलो नाय."