सातवा फर्मा

नीट बांधलेलं पुस्तक वीस वर्षं बांधणाऱ्याकडे परत येत नाही. सेवकराम हे सांगायचा तेव्हा त्यात बढाई नसायची. त्याने बांधलेली पुस्तकं खरंच परत येत नसत.

म्हणून १९७८ च्या उन्हाळ्यात पवनीच्या नवप्रकाश वाचनालयातून एक कादंबरी वर्षात तिसऱ्यांदा त्याच्याकडे आली, तेव्हा त्याला राग आला. राग स्वतःचाच. आपलं काहीतरी चुकलं, असं त्याला वाटलं.

त्याच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच होतं. मधली तीन बोटं तरुणपणी भाताच्या गिरणीत पट्ट्यात गेली. आता हाताचं काम विसर, असं सगळे म्हणाले. त्याने दोन वर्षं घालवली आणि अंगठा-करंगळीत सुई धरायला शिकला. पहिल्या वर्षी बांधलेली सगळी पुस्तकं त्याने स्वतःच उसवली आणि पुन्हा शिवली. कोणी तक्रार केली नव्हती. त्याला पटली नव्हती, एवढंच.

त्याने पुस्तक उघडून पाहिलं. नाव होतं 'आभाळनदीचे नावाडी'. सूत शाबूत होतं, गाठही जिथल्या तिथे. दम कागदाने सोडला होता. पानापानांवर हळद, विडीच्या तंबाखूची भुकटी, भाताचा कोंडा. एका ठिकाणी वाळलेलं मोहाचं फूल. म्हणजे चूक त्याची नव्हती. पुस्तक वाचून वाचून झिजलं होतं. तीस वर्षांत त्याने असं पुस्तक पाहिलं नव्हतं.

आणि ते सगळीकडे सारखं मळलं नव्हतं. मोठ्या कागदावर सोळा पृष्ठं छापून त्याची घडी घालतात. त्या घडीला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक होतं. या पुस्तकाचा सातवा फर्मा इतरांपेक्षा काळा पडला होता. त्यातही मधली पानं जास्त.

सेवकराम बांधायला आलेली पुस्तकं वाचत नसे. लोहार विळा करतो, धान कापायला जात नाही, असं तो म्हणे. या वेळी मात्र त्याने पुस्तक कापडात गुंडाळलं आणि घाटावर नेलं.

घाटावर तुलाराम होता. वैनगंगेत डोंगा चालवायचा. उन्हाळ्यात पाणी उतरलं, लोक पायी नदी ओलांडू लागले की रेतीत डांगरांचे, म्हणजे खरबुजांचे, वेल लावायचा. तो आणि सेवकराम घाटावरच्या एका घरात चौदा वर्षं राहत होते. का, असं कोणी विचारलं तर दोघांचं उत्तर एकच: "एका चुलीले लाकडं कमी लागते." लोक हसत आणि पुढे जात.

डांगरांच्या वाडीत मांडवाखाली दुपारी दुपारी वाचन सुरू झालं. तुलारामला अक्षर येत नव्हतं. सेवकराम वाचायचा, तो वेलींना पाणी घालत ऐकायचा.

कादंबरीत आभाळातून एक नदी वाहत होती. तिच्या काठच्या राज्याची राणी मेघावती हिच्या पायांत जन्मापासून जीव नव्हता. ती टोपलीत बसून एका म्हाताऱ्या सारसाच्या पाठीवरून राज्यभर फिरे. आभाळाच्या उंबरठ्यावर जी व्यक्ती राखण करी ती बाईही नव्हती आणि बाप्याही नव्हती, आणि तिला कोणी हसत नव्हतं. नदीवर दोन नावाडी होते, विहंग आणि सोमदत्त. विहंगला डावा हात नव्हता, पण ते पुढे वादळाच्या पानांतच कळायचं.

सातव्या फर्म्यापाशी यायला आठ दुपारी लागल्या. एकशे एक क्रमांकाच्या पृष्ठावर वादळ सुटतं. विहंग आणि सोमदत्त नावेचा दोर दोघांच्या कमरेला बांधतात आणि नदीला साक्ष ठेवून म्हणतात, "आता बुडलो तरी एक, तरलो तरी एक." एकशे चारला वादळ निवतं. राज्यातले लोक काठावर येतात आणि दोघांवर अक्षता टाकतात.

तुलारामने घागर खाली ठेवली.

"पुना वाच."

सेवकरामने पुन्हा वाचलं.

"हे छापलं हाय?"

"छापलं."

"म्हणजे एकानं लिवलं. दुसऱ्यानं खिळे जुळवले. तिसऱ्यानं घडी केली. मंग कोणी शिवलं."

"हो."

"आन् एवढ्या माणसाईतून कोणीच नाई म्हटलं नाई?"

सेवकरामने छापखान्यात काम केलं होतं. एका पृष्ठाला अक्षरांचे दीड-दोन हजार शिशाचे खिळे लागतात. प्रत्येक खिळा वेगळा उचलावा लागतो. या चार पृष्ठांसाठी कोणाचा तरी हात सहा-सात हजार वेळा खाली गेला होता आणि वर आला होता. त्या हाताला मध्ये कधीही थांबता आलं असतं.

सेवकरामने अंगठा त्या ओळींवरून फिरवला. हाताच्या कामाचं नवल वाटायचं त्याचं वय गेलं होतं. तरी वाटलं.

पावसाळ्यात डोंगा सुरू झाला आणि तुलाराम बातम्या आणू लागला. पुस्तकाला पंचेचाळीस जण नंबर लावून होते. कारध्याचा एकजण सायकल हाणत आला होता. शहापूरचे निवृत्त पोस्टमन पुंडलिकराव भंडाऱ्याला गाडी बदलून यायचे, आठ दिवसांत वाचून परत करायचे आणि पुन्हा यादीत शेवटी नाव लिहायचे.

पण सगळ्यांत वेड्या झाल्या होत्या पलीकडच्या तीरावरच्या विडीवाल्या बाया. त्या विड्यांचे गठ्ठे घेऊन दर आठवड्याला डोंग्याने पवनीला येत. त्यांच्यातली मालनबाई सातवीपर्यंत शिकलेली. लहानपणी आजारात एक पाय वाळला, तेव्हापासून काठी घेऊन चालायची. ती वाचायची आणि बाकीच्या विड्या वळायच्या. तिच्या वाटच्या विड्याही त्याच वळून देत. हा ठराव त्यांनी स्वतःच केला होता.

एकदा सेवकराम डोंग्यात होता. बायांचं भांडण चाललं होतं. एकशे पाचव्या पृष्ठावर एक ऋषी मेघावतीला पाय देऊ करतो आणि ती नको म्हणते, त्यावरून.

"घ्याले पायजे होते तिनं," केशरबाई म्हणाली. "फुकटात भेटून राहिले होते."

"तुले फुकटचं सारंच गोड लागते," मालनबाई म्हणाली. "मले कोणी म्हणंल का पाय दुरुस्त करून देतो, त मी पयले इचारीन, बाबा, तुले कोणं सांगतलं का बिघडला हाय?"

"मंग काठी कायले धरते वो?"

"तुले हाणाले."

डोंगा हलेपर्यंत बाया हसल्या. तुलाराम ओरडला, "हळू हासा जी! पलटला त आपल्यापाशी सारस नाई!"

सेवकराम ऐकत होता. ज्या राणीसाठी या बाया भांडत होत्या ती कागदावर होती, आणि तो कागद त्याने शिवला होता. एवढं मोठं काहीतरी आपल्या सुतावर टांगलंय हे त्याला आजवर कळलं नव्हतं.

१९८० च्या दिवाळीनंतर वाचनालयाचे कार्यवाह मधुकरराव स्वतः पुस्तक घेऊन आले. शाळेत कारकून होते. माणूस सरळ, पण कोणी आवाज चढवला की पडतं घेणारा. ते बाकावर टेकले आणि चष्मा पुसत राहिले.

"सेवकराम, पुस्तक बांधायचंय. आणि त्यातली चार पृष्ठं काढायची आहेत. एकशे एक ते एकशे चार. समितीतल्या एका सभासदाने वाचली. ती ठेवायची असतील तर पुस्तकच काढा म्हणतात."

सेवकरामने फर्मा उघडून दाखवला. "घडीत परतेक पानाले जोडीदार रायते, साहेब. हे इकडचं पान आन् ते तिकडचं, एकच कागद हाय. हे काढलं का थे सुटते. राणी नाई म्हणते थे पानं पडतीन."

"चिकटवता येत नाहीत?"

"येते. दोन महिन्यात निघतीन. तसं काम मी करत नाई."

मधुकररावांनी सुस्कारा सोडला. "मग एकशे आठपर्यंत सगळीच काढा." ते उठले, दारात थांबले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही यात पडू नका. लोक तुमच्याबद्दल आणि तुलारामबद्दलही बोलतात. मी कानाआड करतो. सगळेच करतील असं नाही."

त्यांनी ते धमकी म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणून ते जास्त लागलं. लोक बोलतात. चौदाची सोळा वर्षं झाली होती, आणि दोघांनी रोज हेच टाळलं होतं. एक ओरड झाली की घर जातं, घाट जातो, डोंगा जातो.

सेवकरामने पानं काढली. कात्री लावली नाही. ती आठ पृष्ठं म्हणजे फर्म्याच्या पोटातले दोन अख्खे कागद होते. सूत सोडलं की अलगद निघत होते. त्याने ते दोन पुठ्ठ्यांत ठेवले आणि पुस्तक शिवलं. शिवण चांगली झाली. तिची त्याला लाज वाटली.

तुलारामने पुठ्ठे पाहिले. "आपली पानं काढली का?"

"काढली."

तुलाराम वल्हं घेऊन नदीवर गेला. त्या दिवशी जेवायला आला नाही.

तीन आठवड्यांनी मालनबाई घाट चढून आली. घाम पुसला, बसली नाही.

"सेवकभाऊ, राणीचं नाई म्हणणं कुठं गेलं? डोंगेवाले कुठं गेले?"

सेवकरामने सुईत सूत ओवायला घेतलं.

"नको सांगू. मी पानं आणली हायत. शिवून दे."

तिने पिशवीतून कागद काढले. सेवकरामने ते हातात घेऊन उलटून पाहिले. वहीचे दोन ताव, पुस्तकाच्याच मापाचे कापलेले, मधे घडी घालून एकात एक बसवलेले. समोरासमोरच्या पानांवर मजकूर बरोबर उतरलेला. पृष्ठांचे आकडेही घातले होते. तिने पानांना जोडीदार ठेवले होते. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. फाटक्या पुस्तकात बघून बघून ती शिकली होती.

"पाठ होतं?"

"मले एकटीले कुठलं? केशरबाईले वादळ येत होतं. शकुले अक्षता. ज्याले जे येत होतं थे सांगतलं. मी लिवलं. विड्या वळून झाल्यावर, अकरा दिवस."

पानं गेल्याचं पसरलं तसे त्या महिन्यात आणखी सहा जण आले. सायकलवाला आला. पुंडलिकराव आले, पोस्टातल्या सुबक अक्षरात आठही पृष्ठं घेऊन. कोणी कोणाला लिहा म्हणून सांगितलं नव्हतं. जो तो आपापल्या आठवणीतून कागद भरून येत होता आणि म्हणत होता, शिवून द्या. सातपैकी एकानेही नावाडी गाळले नव्हते.

सेवकरामने पुठ्ठ्यांतली मूळ पानं काढली आणि एकेक प्रत ताडून पाहिली. ही त्याची सवय. कुठे शब्द सुटला होता, कुठे वाक्य मागेपुढे झालं होतं. मालनबाईच्या प्रतीत तो एका ओळीवर अडला. पुस्तकात होतं, विहंगला डावा हात नव्हता. तिने लिहिलं होतं, विहंगच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं नव्हती.

त्याने दुसरी प्रत घेतली. उजवा हात, तीन बोटं. तिसरी. चौथी. पाच प्रतींत तीच चूक होती. पुंडलिकराव आणि कारध्याच्या सायकलवाल्याने तेवढा डावा हात लिहिला होता. ते दोघं तुलारामच्या डोंग्यात कधी बसले नव्हते.

पुढच्या खेपेला त्याने मालनबाईला गाठलं. "बाई, चूक झाली. पुस्तकात डावा हात हाय."

"असंल," ती म्हणाली. "आमी त पयल्यापासून तसंच पाहून राहिलो. चूक कायची?" आणि काठी टेकत डोंग्यात चढली. तुलारामने तिला हात दिला.

सेवकराम काठावर उभा राहिला. लोक बोलतात, हे खरं होतं. सोळा वर्षं तो ज्याला भ्याला, ते बोलणं हे होतं. त्यांनी दोघांना वादळातून सुखरूप काढलं होतं आणि वर अक्षता टाकल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्याने पुस्तक मागवून घेतलं, उसवलं, दोन कागद परत सातव्या फर्म्याच्या पोटात घातले आणि शिवलं. मग सात प्रती काखेत मारून वाचनालयात गेला आणि सगळं मधुकररावांपुढे ठेवलं.

मधुकररावांनी वाचायला घेतलं. बारा वर्षं ते लोकांना पुस्तक न्या म्हणून विनवत आले होते. तिसऱ्या प्रतीपर्यंत त्यांनी चष्मा दोनदा पुसला. पाचव्या प्रतीला त्यांची नजर कागदावरून उठली आणि टेबलावर ठेवलेल्या सेवकरामच्या उजव्या हातावर थांबली.

एरवी सेवकराम हात खाली घ्यायचा. आज घेतला नाही.

"तुमी म्हणले होते, साहेब, लोक बोलते. हे पाहा काय बोलते."

मधुकररावांनी हातातली प्रत खाली ठेवली. मग खणातून वाचनालयाचा शिक्का काढला, शाईवर दाबला आणि पृष्ठ एकशे एकवर उमटवला. मग एकशे तीनवर. मग एकशे पाचवर, एकशे सातवर.

"शिक्क्याचं पान काढणं म्हणजे वाचनालयाच्या मालमत्तेची नासधूस," ते म्हणाले. "समितीचाच नियम आहे. मीच लिहिला होता."

सभासद ओरडला. एक बैठक गाजली. पुस्तक राहिलं.

१९८६ मध्ये ते नवव्यांदा बांधायला आलं, तेव्हा सातव्या फर्म्याच्या मधल्या कागदांत सूत धरण्याइतका जीव उरला नव्हता. सेवकरामने ते वेगळे काढून ठेवले. त्यांच्या जागी मालनबाईचे ताव घातले. कडा कापाव्या लागल्या नाहीत. माप बरोबर होतं. त्यानंतर ज्याने ज्याने ते पुस्तक नेलं, त्याने तीन बोटांचा विहंग वाचला.

तुलाराम शेजारी बसून बघत होता. "आता नाई ना निघणार?"

सेवकरामने अंगठा-करंगळीत सुई धरली, सूत दुहेरी केलं आणि गाठ ओढून पाहिली.

"कागद झिजंल," तो म्हणाला. "शिवण नाई निघत."