गुपित जेवणाचं गाऱ्हाणं

माझ्या पुतण्याने तोंडवलीत गुपित जेवणं सुरू केली आहेत. जेवण कोणाच्या घरी आहे ते पाहुण्यांना त्याच दिवशी दुपारी मोबाइलवर कळवायचं, आणि काय शिजलंय ते पानात पडेपर्यंत सांगायचं नाही, असा सगळा थाट. तोंडवलीत म्हणे गुपित! इथे कोणाकडे कोलंबी शिजतेय हे अख्ख्या वाडीला वासावरून कळतं. एका संध्याकाळी वाट चुकलेली एक गाडी नाक्यावरच्या दुकानापाशी थांबली, तर दुकानदाराने त्यांनी काही विचारायच्या आतच हात केला, "गुपित जेवणाक इल्यात मा? सरळ जावा. माडांका दिवे लावलेले दिसतीत."

घर माझ्या थोरल्या भावाचं. बोटीवर नोकरी करून त्याने ते बांधलं. तो गेल्यापासून वहिनी तिथे एकटी राहत होती, म्हणून मुलगा मुंबई सोडून आला तेव्हा ती हरखून गेली. आता तिला तिच्याच घरात पाहुण्यांसमोर यायची बंदी आहे. स्वयंपाक सगळा तिने करायचा आणि मागच्या दारी थांबायचं. का, तर त्याने जेवणाची मजा जाते.

मला बोलावणं आलं ते जेवायला नाही. "काका, धोतर नेसान येवा," पुतण्याने फोनवर सांगितलं, "जेवणाआधी गाऱ्हाणा घालूचा आसा. दोन मिन्टांत आटपा, लोकांक भूक लागता."

गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे देवाशी सरळ बोलणं. घरातल्या वडीलधाऱ्याने मागणं मागायचं आणि उभ्या असलेल्या प्रत्येकाने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एकदा म्हटलं की तो देवासमोर दिलेला शब्द. तो फिरवायची छाती भल्याभल्यांना होत नाही. ही जेवणं सुरू करायच्या आधी याच पुतण्याने माझ्याकडून गाऱ्हाणं घालून घेतलं होतं आणि हात जोडून घाबराघुबरा उभा होता. आता तेच त्याला सोलकढी आणि मासे यांच्यामध्ये करमणूक म्हणून हवं होतं. माझं डोकं फिरलं, तरी मी गेलो.

मागच्या दाराने आधी स्वयंपाकघरात गेलो. वहिनी घावणे घालत होती. मला बघून तिने डोळे पुसले. धुराने आलं असेल पाणी असं मी समजलो.

"भावजी, तेणा कुडाळाक माझ्यासाठी फ्लॅट घेतल्यान. दिवाळी झाली की मी थंय. हयसर पाहुण्यांका ऱ्हवाक खोल्यो करतलो."

"आणि रांधतला कोण?"

"माझा सगळा व्हिडिओत घेतल्यान. आता आचारी ठेवतलो." तिने घावणा उलटला. "माका जावचा नाय ओ. दार उघडला तर समोर दुसऱ्याचा दार. मी थंय दिवसभर करू काय?"

बाईची चव काढून घेतली आणि आता बाई नको! मला त्या क्षणी पुतण्याची किळस आली.

बाहेर खळ्यात, म्हणजे अंगणात, पाहुणे जमले होते. सगळ्यांचे कपडे चुरगळलेले आणि महाग. सोलकढी औषधाच्या मापाने वाटली होती आणि एक बाई ती जिभेवर घोळवत डोळे मिटून उभी होती, ठसका लागेपर्यंत. आम्ही न्हाणीच्या चुलीत घालतो त्या करवंट्या तेल लावून चकचकीत करून मांडल्या होत्या, एकेकीत मोजून तीन तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या. पुतण्या सांगत होता की हे सगळं तो आजीच्या मांडीवर बसून शिकला. कॉलेजात जाईपर्यंत याला बांगड्याचा काटा आईने काढून द्यावा लागायचा. मग त्याने पाहुण्यांना "व्हय म्हाराजा" शिकवलं, दोनदा म्हणवून घेतलं, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. चला, सुरू करा, अशा अर्थी.

मी पानाचा विडा आणि नारळ ठेवला.

"बा देवा म्हाराजा! बारा-पाचाच्या देवा म्हाराजा! आज ही लेकरा लांबसून तुझ्या पायाकडे इली हत, तेंका सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पाहुणे खूश. मोबाइल वर झाले.

"ज्या बायच्या हातचा आज सगळे जेवतले, ती तिचे डोळे मिटापर्यंत ह्याच घरात, ह्याच चुलीकडे ऱ्हवांदे रे म्हाराजा! आणि तिका हयसून कोण हलवक बघीत, तर तेचा काय करूचा ता तूच बघ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पाहुणे आणखी जोरात ओरडले. मागणं कोणासाठी आहे याचा त्यांना पत्ताच नव्हता. त्या सगळ्यांत कळलं होतं फक्त पुतण्याला, आणि त्याचं तोंड बंद होतं.

मी थांबलो. सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. मी ते मागणं पुन्हा म्हटलं आणि त्याच्याकडे बघत राहिलो. पाहुणेही त्याच्याकडे बघायला लागले. ठसका लागलेली बाई त्याला कोपराने ढोसून हसत म्हणाली, "म्हणा ना, तुम्हीच तर शिकवलंत!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग नारळाकडे. मान खाली घातली आणि अगदी पुटपुटत म्हणाला, "व्हय म्हाराजा."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. गाऱ्हाण्याला टाळ्या! मी नारळ फोडला आणि न जेवता घरी आलो.

दिवाळी होऊन गेली. कुडाळच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू आहेत. वहिनी तोंडवलीतच आहे आणि परवा मला तिने तिसऱ्यांचं सुकं पाठवलं, डबा काठोकाठ भरून. पुतण्या माझ्याशी बोलत नाही. समोरून आला तर रस्ता बदलतो. बदलू दे.