दुपारच्या उन्हातला माल

मिरची दुपारीच घ्यायची, हा माझा नियम. सकाळ-संध्याकाळचं ऊन तांबूस असतं. त्यात कसलाही माल लालच दिसतो. सूर्य डोक्यावर आला की पांढऱ्या धोतरावर ओंजळभर मिरची टाकायची आणि बघायचं. शिवाय तोवर शेतकरी उन्हानं वैतागलेला असतो, भाव फार ताणत नाही. नंदुरबारच्या बाजारात मी पोती वाहिली आणि पुढे स्वतःची पथारी, म्हणजे मिरची वाळवायचं मैदान, उभी केली ती या नियमावर. मला कोणी काही शिकवलं नाही, कोणी काही दिलंही नाही.

म्हणूनच मेहुण्यानं त्या दुपारी जे केलं ते मी विसरलेलो नाही. बायकोचा धाकटा भाऊ. धंदा माझ्या हाताखाली शिकला आणि समोरच गाळा टाकून बसला. खापर गावाकडून आलेल्या एका पिकअपमधला माल मी धोतरावर टाकला, पाहिला, बोली लावली. मागून हा ओरडला, "दाजी, डोया घर इसरी उनात का? अर्धा माल हिरवा शे!"

डोळे घरी विसरून आलेल्या दाजीवर सगळा बाजार हसला.

"मन्हाकडेच शिकना तू, आनी मलेच शिकाडस?" मी म्हणालो, आणि बोली आणखी वाढवून गाडी उतरवून घेतली. त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं बंद.

माल वाळला तसा पांढरा पडला. कच्ची मिरची तशीच पडते. मेहुण्यानं मुद्दाम खोड काढून मला भरीला घातलं असं मी धरून चाललो. देठ खुडणाऱ्या बायांवर ओरडलो, त्या शेतकऱ्याला फोनवर नको ते बोललो. पण एक गोष्ट कोणाच्या माथी मारता येईना. भर दुपारी पथारीकडे पाहिलं की डोळ्यांत पाणी यायचं आणि लांबवर पसरलेली मिरची तुरीच्या भुशासारखी दिसायची. जिथे नजर रोखावी तिथेच सगळं पुसट. दिवस बुडाला की मात्र मला बरं दिसायचं. संध्याकाळी कोणालाच रंग नीट कळत नाही, म्हणून त्या वेळी मी चारचौघांसारखा असायचो.

मोतीबिंदू असेल म्हणून सुरतेला गेलो. डॉक्टरबाई तरुण होत्या. रंगीत ठिपक्यांचं पुस्तक समोर धरून म्हणाल्या, "काका, यात कोणता आकडा दिसतो?"

"यात आकडा नाहीच. फसवता का?"

त्यांनी पान उलटलं. त्यातही नव्हता. मग थेंब, फोटो, अंधारी खोली. शेवटी त्यांनी कागदावर डोळा काढून समजावलं. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर दोन जातींच्या पेशी असतात. दांडीसारख्या असतात त्या अंधुक उजेडात काम करतात. त्यांना रंग कळत नाही. शंकूसारख्या असतात त्या भरपूर उजेडातल्या, आणि रंग त्यांच्यामुळे कळतो. शंकू तीन प्रकारचे. गंमत अशी की त्यातल्या कुठल्याही एकाला एकट्याला रंग ओळखता येत नाही. प्रत्येक जण फक्त आपल्यापुरतं सांगतो, मला एवढा उजेड लागला. तिघांचं सांगणं ताडून पाहिलं की त्यातून लाल ठरतो, हिरवा ठरतो.

हे मला लगेच पटलं. एका व्यापाऱ्याच्या बोलीला बाजारभाव म्हणत नाहीत. तिघं ओरडतात तेव्हा भाव निघतो. म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला मिरचीचा लाल रंग म्हणत होतो तो मिरचीत पुरता नव्हताच. माझ्या डोळ्यामागे रोज एक लिलाव होत होता. आणि आता बोली लावणारे उठून चालले होते.

"शंकू मरताहेत," बाई म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांत. हळूहळू."

"इलाज काय तो बोला. पैशाचं मी बघतो."

"काका, ह्यात घासाघीस होत नाही. गेलेले शंकू परत आणता येत नाहीत." मग पेन बंद करत विचारलं, "मुलं किती?"

"एक मुलगी."

"हा आजार कधी कधी आईबापाकडून मुलांत उतरतो. तिला घेऊन या."

मुलगी कॉलेज करून दोन वर्षांपासून माझ्यासोबत बाजारात बसते. पथारी तिचीच व्हायची आहे. येताना गाडीत मला तिचा काळा चष्मा आठवला. दुपारी लिलावाला चल म्हटलं की ती म्हणायची, "आबा, ऊन टोचतं. संध्याकाळी बघू ना." मी त्याला नखरे म्हणत आलो होतो.

तिला सुरतेला नेलं नाही. आधी आपण पाहू म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पथारीवर धोतर अंथरलं, पक्की आणि कच्ची मिरची एकत्र करून ओतली.

"चष्मा काढ. पक्की इकडे, कच्ची तिकडे."

"आता? आबा, काय हे?"

"सांगितलं ते कर."

कपाळावर हात धरून, डोळे बारीक करून ती निवडू लागली. एकेक मिरची अगदी डोळ्यांपाशी नेत होती. हात मात्र भरभर चालत होते. दोन ढीग झाले. "झालं," म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी ढिगांकडे पाहिलं. दोन्ही एकाच भुशाचे.

तिथवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं की तपासायला मला डोळे लागतील. बाया पलीकडे काम करत होत्या. त्यांना विचारलं तर संध्याकाळच्या आत बाजारात जाईल की बापलेकीला मिरची दिसत नाही. ज्याच्या नजरेवर माझा विश्वास आहे आणि जो हिच्याबद्दल बाहेर बोलणार नाही असा एकच माणूस होता. मी त्याला फोन लावला.

मेहुणा आला. "का हो दाजी, आज कशी आठवण उनी?" म्हणत हसत हसतच आत शिरला. सुरतेला डोळे दाखवून आलो, एवढं सांगून मी धोतराकडे बोट केलं. "कोन निवडं?" त्यानं विचारलं. मी मुलीकडे पाहिलं.

तो उकिडवा बसला. या ढिगातली एक मिरची उचलली, त्या ढिगातली एक. पुन्हा तसंच. मग त्यानं दोन्ही हातांनी ते ढीग कालवून एक केले आणि खाली पडलेला चष्मा पुसून तिच्या हातात दिला.

"घाल, बेटा," तो म्हणाला. "ऊन भलतं शे." आणि माझ्याकडे न पाहता, "सुरतनी गाडी किती वाजता शे, दाजी? मी येस संगे."