सशाच्या कलेजीवरचे ठिपके

आमच्या ह्यांना टीबी झाला तेव्हा मी ससे पाळले, हौस म्हणून नव्हे, कापून खायला. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. इंजेक्शनांचा कोर्स संपत आला होता, थुंकीत जंतू सापडत नव्हते. डॉक्टर म्हणाले, "आता यांच्यापासून कुणाला धोका नाही. पण अंगात ताकद नाही. मटण घाला, रस्सा घाला." रोज मटण आणायची आमची ऐपत नव्हती. देवळ्याच्या मामेसासऱ्यांनी कांद्याच्या ट्रकमधून एक खोकं पाठवलं, ते मी नाशकातल्या द्वारका चौकात उतरवून घेतलं. आत दोन माद्या आणि एक नर.

नाशिक रोडच्या आमच्या क्वार्टरमागे पिंजरे ठोकले. गवत कापायचे हे, घालायचे हे. रजेवर बसलेल्या माणसाला तेवढाच विरंगुळा. शेजारपाजारचे उंबरा ओलांडत नव्हते. बिनदिक्कत यायची ती एक तांबडी कुत्री. मी ससा कापला की हे आधी तिचा वाटा काढायचे, कच्ची आतडी आणि कलेजीचा तुकडा. मुक्या जिवासमोर कापायचं आणि त्याला न देता आपण खायचं, हे आमच्या घरात कधी कुणी केलं नाही.

पावसाळ्यानंतर ससे खंगायला लागले. पोटं फुगलेली आणि पाठीची हाडं हाताला लागणारी. जंत असणार म्हणून मी पोरांना देतात तसं वावडिंग उकळून चमच्याने पाजलं. डोंबलाचा फरक पडला नाही. शेवटी एक कापून पाहिला. कलेजीवर पांढरे ठिपके, आणि आतड्यांना लोंबणारे पाण्याचे फोड, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे.

हे माझ्या मागेच उभे होते. "माझ्या छातीच्या फोटोत असेच डाग होते," ते म्हणाले. "मी हाताने चारलं त्यांना. माझंच गेलं त्यांच्यात."

मी हसण्यावारी नेलं. ते हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी पिंजऱ्यांना हात लावला नाही, ताट वेगळं केलं, अंथरूण मागच्या पडवीत नेलं. आमची मुलगी तीन वर्षांची होती, बापवेडी. ती मांडीत शिरायला धावली की हे हात उगारून ओरडायचे, "छी! लांब हो! बाबांना हात लावायचा नाही!" आधी तिला तो खेळ वाटला. मग ती रडायची. दिवाळीपर्यंत तिने जायचंच सोडलं.

जेवणही सुटत चाललं होतं. मी विनवलं, भांडले, एकदा रश्श्याचं पातेलं अंगणात भिरकावून दिलं. "मला गावी नेऊन टाक," एवढंच म्हणायचे. हा माणूस रोगाने मरणार नाही, भीतीने उपाशी मरणार, हे मला दिसत होतं आणि माझं काही चालत नव्हतं. टीबीच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "सशाचं मला काय कळतंय?"

मग मी कलेजी डब्यात घातली आणि जनावरांच्या दवाखान्यात गेले.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "बाई, घरी कुत्रं आहे का?" मला संताप आला. मी ससा घेऊन आले, हा माणूस कुत्रं विचारतोय! पण सांगितलं सगळं, तिचा वाटाही सांगितला. त्यांनी एक फोड सुईने फोडला आणि आतला पांढरा कण दाखवला.

"हे जंताचं डोकं. कच्च्या आतड्यांतून हा कुत्रीच्या पोटात जातो, तिथे पट्टीसारखा वाढतो. तिची घाण गवतावर पडते. गवत कुठलं घालता?"

"मागच्या अंगणातलं. ती तिथेच लोळते."

"मग झालं! आतडी पुरून टाका, गवत दुसरीकडून आणा, कुत्रीला ही पुडी द्या. आत्ताच्या सशांवर इलाज नाही, पुढची वीण वाचेल."

"आणि टीबी?"

"टीबीचा काय संबंध?"

मी टेबलाला धरून हमसाहमशी रडले. जंत निघाले म्हणून आनंदाने रडणारी बाई त्यांनी तोवर पाहिली नसेल.

रिक्षा करून घरी आले आणि दारातूनच ओरडले, "जंत आहेत! नुसते जंत!" ह्यांनी मला दोनदा सगळं सांगायला लावलं. सुईचं, कणाचं, गवताचं.

"म्हणजे पोरीला घेऊ मी?"

"घ्या की!"

त्यांनी मांडी घातली आणि दोन्ही हात पुढे केले. तिला हाक मारली. मुलगी माझ्या पातळामागे दडली. मी तिला उचलून त्यांच्याजवळ नेलं, तर तिने अंग ताठ केलं आणि बोट दाखवून, अगदी त्यांच्याच सुरात, म्हणाली, "छी! बाबांना हात लावायचा नाही!"