चारी सडांसाठी

अक्का गेल्याचं कार्ड धुळ्यात माझ्या हाती पडलं तेव्हा मी भाकरी थापत होते. तव्यावरची करपली. अक्का म्हणजे माझ्या वडिलांची, आबांची, थोरली विधवा बहीण. आबा अक्का म्हणायचे म्हणून आम्ही पोरंही तेच म्हणायचो. महिना होत आला, पण बाई अजून गोठ्यात भांडतेय असंच वाटतं...

आणि भांडण तरी कशावरून? जागेवरून! साक्रीकडच्या आमच्या गावात दाराजवळची उंच, कोरडी जागा दुभत्या गाईची. गाभण कालवड दूध देत नाही, म्हणून ती पार टोकाला, मुताच्या नालीपाशी. विण्याआधी तिच्या कासेला हातही लावायचा नाही. नजर लागते म्हणे. एका वर्षी आमची तांबू कालवड अशीच व्याली आणि कास दगडासारखी घट्ट. दोन सडांतून नुसतं गुठळ्यांचं पाणी आलं. ते सड कायमचे गेले. वासरू ढुशा देऊन देऊन थकलं. अक्काला ते बघवेना.

पुढच्या कालवडीच्या वेळी तिनं पदर खोचला. विण्याला दोन महिने असताना टोकाची जागा मुरूम टाकून उंच केली, दुभती गाय तिथं नेली आणि दाराशी कालवड बांधली. आबा भडकले, "लक्ष्मीले उठाडस का तू?"

"आज दूध देस नही म्हनीसन हिले गारा-चिखलमा बांधशात का? सड तं आत्तेच खराब व्हतस!"

मग रोज शेण उचलून कोरडी माती पसरायची. माशा चावून सडांना खपल्या धरतात, म्हणून संध्याकाळी कडूनिंबाच्या पाल्याचा धूर. कासेवरून नुसता हात फिरवायची, धार मात्र काढायची नाही. गाव हसलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू? "अक्का, आता पाळण्यात घाल तिला," म्हटलं. "झोका देवाले तू ये," ती म्हणाली. ती कालवड चारी सडांनी दुभती झाली, तरी आबा म्हणाले, "योग म्हणायचा."

दहाव्याला गेले तर घर माणसांनी भरलेलं, आणि अक्काची शेवटची कालवड, विण्याला आठ-दहा दिवस उरलेली, नालीच्या चिखलात उभी! मुरूम केव्हाच धसलेला. पाहुण्यांच्या बैलांसाठी तिला तिकडे हलवलेलं. माझं डोकं सणकलं. सगळ्यांदेखत मी दाराशी बांधलेले बैल सोडले आणि कालवड तिथं आणून बांधली.

"अगं, आज दहावं आहे!" कुणीतरी ओरडलं.

"आहे ना, म्हणून तिचंच काम करतेय," म्हटलं आणि कोरडी माती आणायला घमेलं उचललं. आबा ओट्यावरून बघत होते. ते उठले आणि दुसरं घमेलं घेऊन माझ्या मागे आले.

कालवड विईपर्यंत मी राहिले. त्या सकाळी आबा स्वतः धारेला बसले. एक सड, दुसरा, तिसरा... चौथ्यातूनही चिकाची पिवळी धार आली. बहीण गेल्यापासून डोळ्यांतून टिपूस न काढलेला माणूस तिथंच मातीत फतकल मारून रडत ओरडला, "अक्का, चारी सडमाईन दूध उनं व!"