गिळलं का?

दुधाचा वास चांगला असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्या दुकानाच्या मागच्या बाजूला यावं. पुढे पांढऱ्या टाइल्स, काचेचं कपाट, चकचकीत स्टीलचा काउंटर. मागे मोरी. तिथे कॅन धुतले जातात, गाळायची फडकी पिळली जातात, आणि फरशीच्या फटींत मुरलेलं दूध वर्षानुवर्षं तिथेच आंबत असतं. लग्न होऊन आले तेव्हा मी तिथून नाक दाबून जायची. मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, ही माणसाची सगळ्यात घाणेरडी गोष्ट आहे.

त्या मोरीवर रोज सकाळी माझा धाकटा दीर उभा असायचा. कॅन उलटा करून हात खांद्यापर्यंत आत घालायचा, आणि कडेला चिकटलेली पिवळट चरबी ब्रशानं खरवडून काढायचा. ते झालं की अंग धुऊन, स्वच्छ शर्ट घालून काउंटरवर. दूध मोजून देताना त्याचा हात कधी आखडला नाही की पाण्याच्या नळाकडे वळला नाही. आणि स्वतः तो दुधाच्या थेंबाला शिवत नव्हता.

भाऊजी वीगन होते. दूध नाही, दही नाही, लोणी नाही, अंडं-मांस तर नाहीच. मध नाही. चामड्याचा पट्टा नाही, म्हणून पँट कापडी पट्टीनं बांधायची. गाडीवरच्या हमालानं त्यांचं नाव ठेवलं होतं ‘कोरडा’. दुधाच्या घरात कोरडा! सासूबाईंना तर तो शब्द नीट ऐकूच यायचा नाही. त्या शेजारणीला सांगायच्या, "आमच्या धाकट्याला विघ्न झालंय." शेजारीण विचारायची, "कसलं विघ्न?" तर म्हणायच्या, "तेच ना, काही खायचं नाही ते."

त्याची सुरुवात एका गोठ्यात झाली. दूध कमी येतंय म्हणून सासऱ्यांनी त्यांना चौकशीला पाठवलं होतं. तिथे एका गाईचं वासरू मेलं होतं. गोठेवाल्यानं त्याचं कातडं सोलून, आत पेंढा भरून, ते चार काठ्यांवर तिच्यापुढे उभं केलं होतं. गाय ते चाटत होती आणि मागे गोठेवाला धार काढत होता. भाऊजींनी हे घरी येऊन जेवताना सांगितलं, फक्त एकदाच. सासरे म्हणाले, "अरे, जेवताना काय हे!" मी मात्र वाटीतलं दही तसंच ठेवलं. जेवण झाल्यावर मी सगळ्यांसाठी चहा ठेवला, भरपूर दूध घालून. भाऊजी उठून गेले, आणि त्यानंतर सहा वर्षं त्यांनी कुणालाही उपदेश केला नाही.

उपदेश केला तो बाकीच्यांनी. लग्नाच्या पंगतीला गेले की समोरचा लगेच डॉक्टर व्हायचा. "हाडं ठिसूळ होतात हं." "मग खाता काय, गवत?" हा विनोद मी इतक्या तोंडांतून ऐकलाय की आता त्या तोंडांचीच शिसारी येते. हाडूक चोखत, बोटं चाटत, दातांत अडकलेलं नखानं काढत हे लोक भाऊजींच्या तब्येतीची काळजी करायचे. एका मुलीच्या वडिलांनी तर सरळ विचारलं, "दूधवाल्याचा मुलगा दूध पीत नाही, म्हणजे काही आजार?" ते स्थळ गेलं. पुढचंही गेलं. सासूबाईंनी एकदा बटाट्याच्या सूपमध्ये गुपचूप साय घोटून घातली. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं चाललं होतं त्यांचं, सारख्या चमच्याकडे बघत होत्या. भाऊजींनी पहिला घोट घेतला, चमचा ठेवला आणि मोरीवर गेले. ओकल्याचा आवाज आला. सासूबाई मला म्हणाल्या, "बघ कसा अन्नाचा अपमान करतो."

बरं, त्यांच्या वीगन मंडळींनी तरी त्यांना जवळ करावं? तेही नाही. ही मंडळी दर रविवारी एका कॉफीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत जमायची. एकदा मी भाऊजींबरोबर गेले होते. एक चष्मेवाली बाई बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचत होती आणि बाकीचे श्वास रोखून निकालाची वाट बघत होते. मग तिनं मोर्चा आमच्याकडे वळवला. "तुम्ही अजून त्या दुकानात बसता? दुधाच्या पैशावर जगायचं आणि स्वतःला वीगन म्हणवायचं?" भाऊजी म्हणाले, "वडिलांचे हात थरथरतात. त्यांना दूध ओतता येत नाही." ती म्हणाली, "कारणं सगळ्यांकडे असतात." इतकी स्वच्छ, इतकी धुतलेली बाई मी कधी पाहिली नव्हती. आणि तिच्याजवळ बसून मला आमच्या मोरीवर बसल्यासारखंच वाटत होतं.

असे दोन्हीकडून ठोसे खात भाऊजी आपलं चालवत होते. आणि मग ते हेडमास्तर आले.

हे निवृत्त हेडमास्तर आमचं जुनं गिऱ्हाईक. एका सकाळी दूध घेताना गंमतीनं म्हणाले, "आज पातळ दिसतंय. घ्या बरं तुम्हीच एक घोट." भाऊजी म्हणाले, "चांगलं आहे, सर. पण मी दूध पीत नाही."

"म्हणजे? घरचं दूध पीत नाही?"

"कुठलंच पीत नाही."

मागे चारपाच माणसं उभी होती. त्यांनी पहिला प्रश्न ऐकला, शेवटचं उत्तर ऐकलंच नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत झालं की मालकाचा मुलगा घरचं दूध पीत नाही, म्हणजे आत काहीतरी मिसळतात. युरिया, साबण, ज्याला जे सुचलं ते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. एखादा माणूस गाईसाठी दूध सोडतो हे कुणाच्या डोक्यात शिरेना, पण एखादा माणूस शेजाऱ्यांच्या पोरांना विष पाजतो हे मात्र सगळ्यांना चटकन पटलं. कोपऱ्यावर काचेच्या दाराचं नवीन दुकान निघालं होतंच. आमची गर्दी तिकडे गेली. दुपारी उरलेलं दूध फाटायचं, आम्ही ते मोरीत ओतायचो, आणि तो वास जिन्यानं वर येऊन उशांमध्ये शिरायचा.

सासऱ्यांनी दूध तपासून आणलं, दाखला भिंतीवर लावला. लोक म्हणाले, दाखले विकत मिळतात. सासरे स्वतः काउंटरवर पेला प्यायले. लोक म्हणाले, म्हातारा काय, पिकलं पान. मग आमचे हे प्यायले. लोक म्हणाले, हा दिवसभर गाडीवर असतो, आत काय चालतं ते धाकट्याला माहीत. धाकटा पिईल तर खरं.

रात्री सगळे जेवायला बसले. सासरे म्हणाले, "एक पेला. एकदाच. औषध म्हणून घे."

"बाबा, मी त्यांना समजावून सांगतो ना."

"कुणाला सांगणार आहेस? ऐकतंय कोण?"

हे ताट सरकवून म्हणाले, "पुरे झालं तुझं नाटक. चाळीस वर्षांचं नाव आहे बाबांचं. तुझ्या जिभेपेक्षा लहान आहे का ते?" सासूबाई रडायला लागल्या. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. "वहिनी, तुम्ही काय म्हणता?"

मी म्हणाले, "नका पिऊ." ह्यांनी असे डोळे वटारले की विचारू नका. पण मी खरंच तसं म्हणाले. भाऊजी मात्र माझं ऐकत नव्हते. ते सासऱ्यांच्या हाताकडे बघत होते. पाण्याचा पेला तोंडाशी नेताना त्या म्हाताऱ्यानं अर्धं पाणी शर्टावर सांडलं होतं.

सकाळी दुकानापुढे ही गर्दी! नवीन दुकान ओस टाकून सगळे आमच्याकडे आले होते, पण विकत घ्यायला नाही, बघायला. ह्यांनी आदल्या रात्रीच सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं. सासऱ्यांनी नव्या कॅनमध्ये पेला बुडवून भरला. भाऊजींनी तो हातात घेतला. वर साय तरंगत होती. त्यांनी ती बोटानं बाजूला केली नाही, डोळे मिटून एका दमात पेला संपवला. गाल फुगलेले राहिले.

"गिळलं का?" हेडमास्तरांनी विचारलं.

भाऊजींनी मान डोलावली.

"असं नाही. तोंड उघडून दाखवा."

मला वाटलं, आता तरी सासरे बोलतील. हे बोलतील. सासरे कॅनचं झाकण बसवत होते, हे रस्त्याकडे बघत होते. भाऊजींच्या गळ्यातलं हाड वर गेलं, खाली आलं, आणि चौतीस वर्षांच्या माणसानं तोंड उघडलं. हेडमास्तरांनी चष्मा सारखा करून आत डोकावून बघितलं. मागून शेजारच्या शिंपीणबाई टाचा उंच करून बघत होत्या. जीभ पांढरी झाली होती. "उचला जीभ," हेडमास्तर म्हणाले. त्यांनी उचलली. "ठीक आहे," ते म्हणाले आणि भांडं पुढे केलं. "दोन लिटर."

लोक हसले, मोकळे झाले, भांडी पुढे आली. मी मागे गेले तर भाऊजी मोरीवर वाकलेले होते, आणि तोंडावर फडकं दाबून धरलं होतं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मी पाणी दिलं. मला त्यांची किळस आली नाही. पुढे उभ्या असलेल्या एकूण एक माणसाची आली.

एकदाच, असं ठरलं होतं. पण दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, "कालचं चांगलं होतं, आजचं कशावरून?" आणि सासऱ्यांनी पेला भरला. त्यांचीही मान खाली होती, पण भरला. मग ती रीतच पडली. लोक वेळेवर यायला लागले, येताना पोरं आणायला लागले. तोंड उघडलं की पोरं खिदळायची. कुणीतरी फोनवर ते चित्रित केलं. ते फिरत फिरत रविवारच्या मंडळींपर्यंत पोहोचलं. त्यांनी भाऊजींना काही विचारलं नाही, नुसतं आपल्या ग्रुपमधून काढून टाकलं. भाऊजींनी मला फोन दाखवला आणि म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं." मी म्हणाले, "बरोबर कसलं डोंबलाचं! एकानं तरी येऊन बघितलं का?" त्यांनी फोन खिशात घातला. पुढे पुढे ओकारी येईनाशी झाली. मोरीवर न जाता ते तसेच काउंटरवर उभे राहायला लागले.

धंदा पूर्ववत झाला. पूर्वीपेक्षा बरा झाला, म्हणाना. लोकांचा संशय फिटला होता, आता त्यांना त्यात रसही उरला नव्हता. अशाच एका सकाळी हेडमास्तर शिंपीणबाईंशी पावसापाण्याच्या गप्पा मारत होते. दुसरं कुणी बघतही नव्हतं. भाऊजींनी स्वतःच पेला भरला, प्यायले, ओठ पुसले. आणि कुणी न सांगता तोंड उघडून लोकांपुढे उभे राहिले. जीभ उचलून. एकाकडून दुसऱ्याकडे मान वळवत, सगळ्यांना नीट दिसावं म्हणून.

सासरे काउंटरच्या टोकाला बसले होते. ते उठले. "मिट," ते म्हणाले. भाऊजींना ऐकू आलं नाही. "मिट ते तोंड! मिट!" म्हातारा असा ओरडला की कपाटाची काच वाजली. मग त्यांनी तो पेला उचलून रस्त्यावर भिरकावला. "आजपासून माझा मुलगा दूध पिणार नाही. ज्याला संशय येत असेल त्यानं कोपऱ्यावर जावं, नाहीतर मसणात जावं. सर, तुम्हीसुद्धा."

निम्मे लोक तिथूनच परत गेले. सासरे शटर खाली ओढू लागले, हातांना जमेना, तर ह्यांनी पुढे होऊन ओढलं. सासरे भाऊजींचा हात धरून त्यांना जिन्यानं वर घेऊन आले. इतक्या वर्षांत त्यांना मुलाचा हात धरताना मी पहिल्यांदाच बघितलं. "झालं आता," ते परत परत म्हणत होते. "आता तुला कुणी काही म्हणणार नाही. तुझं तू कर."

दुपारी सगळे एकत्र जेवायला बसलो. सासूबाईंनी आपणहून भाऊजींचं ताट वेगळं केलं होतं, नुसती उसळ, भात आणि फळं. सायीचा हात कुठे लागू नये म्हणून चमचासुद्धा नवा काढला होता. भाऊजींनी दोन घास खाल्ले. मग माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "वहिनी, थोडं दही वाढता का?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे ताटात बघत होते. सासरे म्हणाले, "अरे, आता नको ना. सांगितलं ना मी, आता नको."

"असू दे, बाबा," भाऊजी म्हणाले. "आता काही होत नाही मला."

मी दही वाढलं. त्यांनी ते भातात कालवलं आणि खाल्लं, बोटं चाटून खाल्लं. सहा वर्षं या घरानं त्यांच्याकडे एवढंच मागितलं होतं. सासूबाई तोंडावर हात दाबून उठल्या आणि मोरीकडे पळाल्या.