रोजी आंटींच्या अकरा बरण्या

"सावंत, मशीन पुन्हा कॅलिब्रेट करा. त्या बाई थेंबभर दारू पीत नाहीत," आमच्या लॅबच्या मॅडम म्हणाल्या.

मशीन मी सकाळीच तपासलं होतं. मला रागच आला. वसईतल्या सांडोर गावच्या रोजी आंटींचं जीजीटी नॉर्मलच्या दुपटीहून वर होतं. यकृताच्या पेशी दुखावल्या की त्यांच्यातले एन्झाइम रक्तात उतरतात. जीजीटी त्यातलंच एक, दारूने चटकन चढणारं. त्यापायी आंटींच्या गुडघ्याचं ऑपरेशन अडलं होतं. ईस्टरनंतर नातीचं लग्न होतं आणि चर्चमध्ये आल्तारापर्यंत, वेदीपर्यंत, तिच्यासोबत स्वतःच्या पायांनी चालायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

पुन्हा सॅम्पल घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो. केळीच्या पानांतून हिरवट ऊन आत येत होतं. भिंतीकडेला बरण्यांची रांग, तोंडाला फडकी बांधलेली. आंबूस-गोड वासाने डोळे जड झाले. बरण्या आतल्या आत बुडबुडत होत्या. हातात सिरिंज घेऊन मी नुसता ऐकत बसलो.

"एवढी वाईन तुमची, आंटी?"

"माझ्या दोन बरण्या. बाकी शेजाऱ्यांच्या. नाताळची वाईन कधी गाळायची, ते मी सांगते ना सगळ्यांना."

"कसं कळतं?"

"चाखून. रोज, प्रत्येकीतली थोडी थोडी."

मी बरण्या मोजल्या. अकरा.

"फॉर्मवर 'दारू नाही' लिहिलंय तुम्ही."

"मग? ही घरची वाईन. दारू माझा नवरा प्यायचा. त्यातच गेला."

मॅडमनी सर्जनशी बोलून चार आठवडे थेंबही बंद केला. मशीनबद्दल पुढे चकार शब्द काढला नाही. मी निरोप सांगितला तेव्हा आंटींचे डोळे भरून आले. नवऱ्याबद्दल बोलताना भरले नव्हते.

"मग गावाला कोण सांगणार?"



चार आठवड्यांनी गेलो तर आंटी डोळे मिटून बरणीला कान लावून बसल्या होत्या. मला बोटाने गप्प केलं.

"ही झोपली, बुडबुड थांबली," त्या हळूच म्हणाल्या. "आता गाळायला हरकत नाही."

त्या दिवशीचा रिपोर्ट नॉर्मल आला. ऑपरेशन झालं. लग्नाला मलाही बोलावलं होतं. आंटी आल्तारापर्यंत चालल्या, काठीशिवाय. जेवताना कुणी तरी त्यांच्या हातात ग्लास दिला. त्यांनी तो कानाशी नेला, हसल्या आणि माझ्यापुढे सरकवला.

तेव्हापासून वसईत फॉर्म भरताना मी 'दारू पिता का' यावर थांबत नाही. घरात बरण्या किती, तेही विचारतो.